सहकुटुंब साहस : प्राथमिक अभ्यासक्रम

प्रस्तावना

हा अभ्यासक्रम कुणासाठी? ज्यांना साहस करायचं आहे, पण सोबत आजी, आजोबा, पहिलीतली चिऊ आणि गुडघ्याचा पट्टा यांनाही न्यायचं आहे, त्यांच्यासाठी. पाठीवर सॅक टाकून एकट्यानं हिमालयात जाणाऱ्यांनी पुढे वाचू नये. त्यांना फक्त डोंगर चढायचा असतो. तुम्हांला आधी सगळ्यांना एकाच वेळी घराबाहेर काढायचं आहे.

मूलभूत नियम एकच : साहसाचं माप बरोबरच्या सर्वांत लहान आणि सर्वांत म्हाताऱ्या माणसाच्या पायांवरून घ्यावं. मधल्या वयाच्या माणसांनी उंची, अंतर आणि फोटो यांवरून घेतलेलं माप ग्राह्य धरलं जाणार नाही.

पाठ 1 : घरचा सराव

परदेशाआधी एसटी. लाल गाडीत 75 वर्षांवरच्या ज्येष्ठांना राज्यात तिकीट लागत नाही आणि 2023 पासून बायकांना निम्मंच पडतं. म्हणजे पंच्याहत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा फुकट, आई आणि आत्या अर्ध्यात, चिऊ अर्ध्यात. पुरतं तिकीट एकट्या बाबांचं. घरातलं खरं सत्तास्थान कुठे आहे, हे कंडक्टर पहिल्या पाच मिनिटांत दाखवून देतो. खिडकीची जागा चिऊला द्यावी. आजोबांनाही खिडकीच हवी असेल, तर ती बाबांची सोडून कुणाचीही घेऊ नये.

स्वतःची गाडी असल्यास कोकणात महामार्ग सोडून किनाऱ्यानं उतरावं. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेश्वी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड : चार ठिकाणी गाडी फेरीबोटीवर चढवून खाडी ओलांडता येते. दाभोळला वाशिष्ठी आडवी येते. बोट चुकवली तर चिपळूणवरून वळसा. बाबा अर्थातच म्हणतील, "वळशानं गेलो असतो तर वेळ वाचला असता." त्यांना बोटीच्या कठड्याशी उभं करावं, हातात चहा द्यावा आणि चिऊला विचारू द्यावं, "बाबा, आपली गाडी पोहते का?" या प्रश्नाचं उत्तर देताना माणूस घड्याळ बघत नाही.

पाठ 2 : सामान

प्रत्येकानं स्वतःची बॅग स्वतः उचलावी, हा नियम सगळी पुस्तकं सांगतात. आपल्याकडे तो खाऊच्या पिशवीला लागू नाही. ती कुणीच भरत नाही, तरी भरलेली असते.

विमानात मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हातातल्या सामानात आंतरराष्ट्रीय प्रवासाला द्रवपदार्थाची बाटली 100 मिलिलिटरपर्यंतच चालते आणि लोणच्याचा खार हा द्रवपदार्थच आहे, मग तो मावशींनी स्वतः घातलेला का असेना. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. सुकं खोबरं विमान वाहतुकीच्या नियमांत आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांत मोडतं, कारण त्यात तेल असतं. म्हणून खोबऱ्याच्या वाट्या घरीच राहू द्याव्यात. लसणीच्या चटणीतल्या खोबऱ्यावर अधिकाऱ्याशी वाद घालणं हे साहसच आहे, पण ते प्रगत अभ्यासक्रमात येतं. नवशिक्यांनी शेंगदाण्याची चटणी न्यावी.

पाठ 3 : स्वित्झर्लंड आणि दही

युरोपच्या सहलीत सहाला उठायचं, सातला नाश्ता, आठला बस. त्या बसनं आणि पुढच्या रेल्वेनं तुम्ही युंगफ्राउयोखला पोहोचाल. रेल्वे 1912 सालची, वरचं स्टेशन 3,454 मीटरवर, वाट बरीचशी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून. बर्फ बघावा, फोटो काढावेत, हवा विरळ असल्यानं झपझप चालू नये. हे सगळं छान आहे. पण यात तुम्ही केलं काय? तिकिटं दुसऱ्यानं काढली, बोगदा दुसऱ्यांनी खणला.

साहस संध्याकाळी, खाली गावात. आजोबांना आणि चिऊला दही आणायला पाठवावं. मोठी माणसं मागून दहा पावलांवर, गप्प. पाकिटावर जर्मन, फ्रेंच आणि इटालियन अशा तीन भाषांत सगळं लिहिलेलं असतं, त्यामुळे आजोबांना तिन्हींत काही कळत नाही आणि चिऊला चित्रातली गाय कळते. दोघांनी जे आणलं ते खावं. ते चीजसारखं निघालं तरी आजोबांनी त्याला दही म्हटलं की ते दहीच.

उच्च श्रेणीसाठी हाच प्रयोग रविवारी करावा. तिथे त्या दिवशी बहुतेक दुकानं बंद असतात आणि मोठ्या रेल्वे स्टेशनांमधली उघडी. हा शोध त्या दोघांना स्वतः लावू द्यावा.

पाठ 4 : हरवणे

हरवण्यासाठी व्हेनिस उत्तम. जुन्या शहरात मोटारी नाहीत, त्यामुळे पोरं रस्त्यावर धावण्याची धास्ती नाही; शहर बेटावर असल्यानं फार लांब भरकटताही येत नाही. भिंतींवर सान मार्को आणि रियाल्तोकडे जाणाऱ्या बाणांच्या पाट्या आहेत. मोबाईल खिशात ठेवून पाट्यांच्या मागे जायचं काम चिऊकडे द्यावं. पाण्याशीच काळजी घ्यावी : कालव्यांना सगळीकडे कठडे नसतात, म्हणून चिऊचा हात आजीच्या हातात.

बाबांना नकाशा न बघता राहवत नसेल, तर त्यांना सर्वांत पुढे ठेवावं आणि ते म्हणतील त्याच्या उलट वळावं.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न : सगळं ठरल्याप्रमाणे झालं तर काय करावं?
उत्तर : अशी वेळ क्वचितच येते. आलीच, तर दुपारचे दोन तास कार्यक्रमात कोरे ठेवावेत आणि कुणी "आता काय?" विचारलं तर उत्तर देऊ नये.

प्रश्न : आजी हॉटेलातच बसते म्हणाली तर?
उत्तर : तिला विचारावं, "बाहेर पाहण्यासारखं काय दिसतंय, जरा बघून सांगशील?" हेरगिरीला सहसा कुणी नाही म्हणत नाही.

स्वाध्याय

1. कारणे द्या : दाभोळच्या बोटीवर बाबा गप्प का झाले?
2. खालील विधान चूक की बरोबर ते लिहा : परदेशातलं साहस घरच्यापेक्षा मोठं असतं, कारण ते महाग असतं.
3. पुढची सहल कुठे काढायची, या प्रश्नाचं चिऊनं दिलेलं उत्तर जसंच्या तसं लिहा. मोठ्यांनी खाडाखोड केल्यास पाच गुण कापले जातील.