अजून बसायची आहे

टिपबाज हा पूल खेळणाऱ्यांचा एक पोटप्रकार असून तो पॉट चुकल्यावर ओळखू येतो. इतर खेळाडू चेंडू चुकला की शिवी हासडतात, टेबलाच्या उताराला दोष देतात किंवा निमूटपणे खुर्चीत जाऊन बसतात. टिपबाज क्यू उचलतो, दिव्याखाली तिरपा धरतो, एक डोळा मिटून त्याच्या टोकाकडे बघतो आणि म्हणतो, “अजून बसायची आहे.”

बसायची असते ती टिप. क्यूच्या टोकाला चिकटवलेली बारा-तेरा मिलिमीटर रुंदीची ही चामड्याची चकती. चेंडूला स्पर्श होतो तो फक्त तिचा. नवी टिप सुरुवातीच्या काही खेळांत दाबली जाते, तिच्या कडा फुगतात, त्या कापाव्या लागतात आणि मग तिची वागणूक स्थिर होते. म्हणजे टिपबाजाच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवे. फरक इतकाच, की इतरांची टिप आठवड्याभरात बसते. टिपबाजाची बसत आली, की तो बदलतो.

हा प्रकार पूर्वीही होता, पण त्याची खरी भरभराट कार्बन फायबरच्या शाफ्टने, म्हणजे क्यूच्या पुढच्या भागाने, केली. लाकडी शाफ्टच्या काळात कारणांना तोटा नव्हता. मेपलचे लाकूड मुंबईच्या पावसाळ्यात हवेतला ओलावा पिऊन वाकते, हाताच्या घामाने चिकट होते, टेबलाच्या कडेवर आपटले की त्याला खड्डा पडतो. चुकलेल्या पॉटचा दोष या सगळ्यांत वाटून टाकता येई. २०१६ साली प्रेडेटर कंपनीचा रेव्हो शाफ्ट आला, मागोमाग इतर कंपन्यांचेही आले आणि ही सोय संपली. कार्बन वाकत नाही, फुगत नाही, ओल्या फडक्याने पुसला की स्वच्छ. चाळीस-पन्नास हजार रुपये मोजून घेतलेल्या वस्तूला नावे ठेवायला जीव धजत नाही, आणि स्वतःच्या हाताला नावे ठेवण्याची पद्धत पूलमध्ये तरी नाही. उरली टिप. माणसाच्या सगळ्या अपयशाचा भार त्या चिमुकल्या चामड्यावर येऊन पडला.

कार्बनसाठी टिप निवडताना पहिला प्रश्न कठीणपणाचा. सॉफ्ट टिप दाबली जाते, चॉक चांगला धरते, पण तिच्या कडा लवकर फुगतात आणि आकार टिकत नाही. हार्ड टिप आकार टिकवते, फटक्याची ताकद चेंडूपर्यंत पोचवते, पण गुळगुळीत होऊन चॉक सोडते. कार्बनचा शाफ्ट आतून पोकळ किंवा हलक्या फोमने भरलेला असतो. त्यावर हार्ड टिप बसवली की फटक्याला कोरडा, टणत्कारी आवाज येतो. म्हणून बरेच जण कार्बनवर सॉफ्ट किंवा मीडियम पसंत करतात. इथे विषय संपायला हरकत नव्हती.

पुण्यातल्या एका तळघरातल्या पार्लरमधला नमुना या बाबतीत अभ्यासनीय आहे. त्याने आधी कामुईची सॉफ्ट बसवली. जपानी टिप, डुकराच्या कातड्याचे पातळ थर एकमेकांवर चिकटवलेले, किंमत हजाराच्या वर. ती “लोण्यासारखी” निघाली म्हणून मीडियम आली. मीडियमचा आवाज “बोलत नाही” म्हणून हार्ड आली. हार्ड “फारच बोलते” म्हणून सुपरसॉफ्ट. एका पावसाळ्यात हे वर्तुळ पूर्ण झाले. प्रत्येक मुक्कामी पॉट चुकले, क्यू दिव्याखाली गेला, डोळा मिटला. पार्लरमधली पोरे आता त्याला नमस्काराऐवजी “काय सर, बसली का?” असे विचारतात. त्यात खोच आहे हे त्याच्या लक्षात येत नाही. तो थांबून सविस्तर उत्तर देतो.

याच गृहस्थाने मध्यंतरी महागड्या टिपांचा नाद सोडला आणि एल्क मास्टरकडे वळला. ही एकथरी, मऊ आणि अत्यंत स्वस्त टिप. ती रात्रभर दुधात भिजवून, मग पकडीत दाबून वाळवली की घट्ट होते आणि फार काळ टिकते, अशी अमेरिकन खेळाडूंची जुनी युक्ती आहे. तिकडे अशा टिपला दुधाच्या गोळीचे नाव आहे. गृहस्थाने चार टिपा वाटीभर दुधात घालून वाटी फ्रिजमध्ये ठेवली. सकाळी घरच्यांनी ते दूध चहात ओतले. चहा पिऊन झाल्यावर गाळण्यात काहीतरी निळे दिसले, तेव्हा गृहस्थाचा पहिला प्रश्न होता, “चारही आहेत ना?” त्यातल्या तीन टिपा पुढे बसवण्यात आल्या. त्या उकळल्यामुळे बिघडल्या, असे त्याचे मत आहे, आणि ते बहुधा बरोबर असावे.

शास्त्र याबाबत निष्ठुर आहे. टिप आणि चेंडू यांचा संपर्क सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागापुरता असतो. चेंडूला किती फिरकी मिळेल, हे फटका मध्यापासून किती बाजूला बसला आणि त्याला वेग किती होता यावर ठरते. टिपने फक्त घसरायचे नसते. ५७ मिलिमीटरच्या चेंडूवर मध्यापासून त्रिज्येच्या साधारण अर्ध्या अंतरापलीकडे मारले, तर कुठलीही टिप घसरते. साइड मारल्यावर पांढरा चेंडू रेषेपासून किंचित ढळतो, तेही प्रामुख्याने शाफ्टच्या टोकाकडच्या वजनावर अवलंबून असते. ते वजन कमी करणे हाच कार्बन शाफ्टचा मोठा फायदा. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात यंत्र अभियांत्रिकी शिकवलेले डेव्हिड अल्सियाटोर यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने हे सारे चित्रित करून दाखवले आहे. टिपबाजाने या फिती पाहिलेल्या असतात. त्यातला शब्दन्‌शब्द त्याला पाठ असतो, पटलेला असतो, आणि ते इतरांना समजावून सांगताना तो नवी टिप मागवत असतो.

यानंतर घुमटाचा आकार. टिपची गोलाई अमेरिकन नाण्यांवरून मोजतात: निकलच्या कडेइतकी किंवा त्याहून उभार असलेल्या डाइमच्या कडेइतकी. निकलचा व्यास २१ मिलिमीटरच्या आसपास, डाइमचा १८ च्या आत. हे अंतर आपल्याकडच्या कुठल्याही पट्टीने मोजता येते. टिपबाज मात्र न्यू जर्सीच्या भाच्याकडून खरे डाइम मागवतो आणि ते पाकिटात गणपतीच्या फोटोमागे ठेवतो. टिपच्या रंगाबद्दल तो काही बोलत नाही, पण काळ्या शाफ्टवर तपकिरी टिप लावलेला टिपबाज अजून आढळलेला नाही.

परंपरेचा दाखला द्यायची वेळ आली, की टिपबाज फ्रान्सला जातो. चामड्याची टिप प्रचारात आणण्याचे श्रेय फ्रेंच सैन्यातल्या कॅप्टन मँगो यांना देतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते राजकीय कारणाने तुरुंगात होते, तिथल्या टेबलावर त्यांनी हे प्रयोग केले आणि अभ्यास पुरा व्हावा म्हणून शिक्षा वाढवून मागितली, अशी आख्यायिका आहे. लोकांना ती गमतीची वाटते. टिपबाजाला त्यात नवल वाटण्यासारखे काही दिसत नाही. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले ते साध्या लाकडी क्यूने, हे कुणी सुनावलेच, तर तो मान डोलावतो आणि विचारतो, “टिप कुठली होती?”

टिप बसवणे हे मात्र वेगळे प्रकरण आहे, आणि टिपबाजाबद्दल काही बरे लिहायचे तर ते इथेच लिहावे लागते. कार्बनवर हे काम नाजूक असते. जुनी टिप काढताना उष्णता लागली तर आतली जोडणी सैल होऊ शकते. घासताना पॉलिश कागद शाफ्टला लागला तर कार्बनची भुकटी उडते, जी फुफ्फुसांना बरी नाही. वरील गृहस्थ पार्लरच्या कोपऱ्यातल्या बाकावर तोंडाला मास्क लावून बसतो. शाफ्टला चिकटपट्टी गुंडाळतो. पात्याने जुनी टिप थराथराने उतरवतो, खालची चकती अल्कोहोलने पुसतो, टिपची पाठ सपाट फरशीवर ठेवलेल्या कागदावर आठाच्या आकारात फिरवतो. गोंदाचा एकच थेंब. मग टिप ठेवून अंगठ्याने दाबतो आणि तेवढा वेळ कुणाशी बोलत नाही. गोंद धरला की क्यू उलटा करून कडा कापतो, जिभेवर बोट टेकवून ती कड ओलावतो आणि चामड्याच्या तुकड्याने घासून काचेसारखी करतो. सरळ समोरचा पॉट चुकवणारा हात या सगळ्यात एकदाही थरथरत नाही. पार्लरमधल्या निम्म्या पोरांच्या टिपा त्याने अशा बसवून दिल्या आहेत. पैसे घेत नाही. क्यू परत देताना एवढेच सांगतो, “चार दिवस जोरात मारू नकोस. बसू दे तिला.” पोरगा त्याच संध्याकाळी जोरात मारतो, आठ नंबर पॉट करतो, आणि टेबलाचे पैसे टिपबाज भरतो.

बदललेल्या टिपांचे काय होते, हा प्रश्न राहतो. त्या फेकल्या जात नाहीत. पार्लरचा मार्कर त्या काडेपेटीत जमवतो आणि भिंतीवरच्या सार्वजनिक क्यूंना लावतो. गेल्या वर्षी गृहस्थाचा शाफ्ट दुरुस्तीला गेला असताना त्याला नाइलाजाने भिंतीवरचा एक वाकडा लाकडी क्यू घ्यावा लागला. त्याने ब्रेक केला आणि लागोपाठ सगळे चेंडू घातले. टेबलाभोवती गर्दी जमली. त्याने क्यू दिव्याखाली धरला, डोळा मिटला, मार्करला टिप कुठली म्हणून विचारले.

“तुमचीच, साहेब. दिवाळीच्या आधी काढली होतीत ती.”

हात चांगला चालला, ही शक्यता त्या वेळी तिथे कुणीच बोलून दाखवली नाही, गृहस्थानेही नाही. त्याने त्याच जातीच्या तीन टिपा मागवल्या.

टिप बदलण्याची योग्य वेळ निश्चित आहे. कड आणि घुमट मिळून चामडे नाण्याच्या जाडीइतके उरले, थर सुटू लागले, किंवा चॉक लावूनही ती घसरू लागली, की बदलावी. नेमाने खेळणाऱ्याला थरांची चांगली टिप काही महिने सहज पुरते. भिंतीवरच्या क्यूंवर अशा झिजलेल्या टिपा मार्करने पाहिल्या आहेत. कार्बनच्या शाफ्टवर एकही नाही.