कुत्रा आडवा आला

मध्यमवर्गीय मराठी घरात सध्या दोन कागदांना कोणी हात लावत नाही. एक मुदत ठेवीची पावती आणि दुसरी गाडीच्या विम्याची पॉलिसी. त्यातली ठेव अडीनडीला मोडता तरी येते. पॉलिसीवरचा नो क्लेम बोनस मोडायचा विषय निघाला, की चहा गार होतो आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागतात.

व्यवस्था तशी सोपी आहे. विम्याच्या हप्त्याचे दोन भाग. थर्ड पार्टीचा भाग कायद्याने सक्तीचा, तिथे बोनस-बिनस काही नाही. दुसरा ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीला काही झालं तर. या दुसऱ्या भागातून वर्षभर एक रुपयाही मागितला नाहीत, तर पुढच्या हप्त्यात २० टक्के सूट. मग २५, ३५, ४५ आणि सलग पाच वर्षं तोंड मिटून बसलात की ५०. मध्ये एकदा जरी मागितलंत, तर पुढच्या वर्षी शून्य. सापशिडीत साप चावला तर निदान फाशाला शिव्या देता येतात. इथे फॉर्मवर सही आपली असते.

आमच्या सोसायटीचे खजिनदार या मार्गातले सिद्धपुरुष. ते ५० टक्क्यांवर पोहोचले त्याला बरीच वर्षं झाली आणि तिथून ते हललेले नाहीत. गाडीकडे मात्र बघवत नाही. पुढच्या बंपरची क्लिप तुटली आहे, तो काळ्या केबल टायने आवळलाय. डाव्या मागच्या दारात कोणाच्या तरी स्कूटरचं हँडल शिरून गेल्याची खोक आहे. उजवा आरसा तपकिरी चिकटपट्टीवर उभा आहे. "काका, गाडीचं काहीतरी करा की" म्हटलं, तर ते मंद हसतात आणि म्हणतात, "फिफ्टी पर्सेंट आहे." मुलाच्या दहावीच्या टक्क्यांबद्दल ते इतक्या अभिमानाने कधी बोलले नव्हते. ते अर्थात जास्त होते.

आता तुम्ही म्हणाल, हप्ता भरतो तो कशासाठी? हा प्रश्न फक्त नवी गाडी घेतलेला माणूस विचारतो. त्याला घेऊन सर्व्हिस सेंटरला जा. काउंटरवरचा पोरगा 'नमस्कार' म्हणायच्या आधी विचारतो, "कॅश की क्लेम?" कॅश म्हटलं की एक अंदाजपत्रक, क्लेम म्हटलं की दुसरं, आणि दुसऱ्यात बंपर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. ही वैद्यकीय बाब आहे, त्यात आपण पडू नये.

समजा क्लेमचं अंदाजपत्रक नऊ हजारांचं निघालं: बंपर चार, रंगकाम तीन, मजुरी दोन. नवखा खूश होतो, नऊ हजार वाचले! मग घसारा येतो. बंपर प्लास्टिकचा. प्लास्टिक, रबर आणि बॅटरी यांना गाडीच्या पहिल्या दिवसापासून निम्मा घसारा. म्हणजे शोरूमच्या फाटकातच धडक बसली, तरी तो बंपर अर्धा म्हातारा. दोन हजार गेले. रंगकामाच्या बिलातला पाव भाग रंगाच्या मालाचा धरतात आणि त्याचेही निम्मे कापतात, तिथे पावणेचारशे. वर प्रत्येक क्लेममागे सक्तीने आपल्या खिशातून घालायचे एक हजार, इंजिन दीड हजार सीसीच्या वर असेल तर दोन. थोडक्यात, नवातले सुमारे साडेपाच हजार कंपनी देणार आणि उरलेले साहेब देणार. काचेला घसारा नाही, एवढाच दिलासा. पण आपल्या नशिबी काच कधी फुटत नाही, बंपरच फुटतो.

खजिनदारांनी या विषयावर एक वही ठेवली आहे. तिच्यातला हिशेब त्यांनी मला पार्किंगमध्ये उभ्या-उभ्या समजावला. ५० टक्के असलेल्या माणसाने एक क्लेम केला, तर पुढच्या वर्षी पन्नास टक्क्यांची सूट जाते, त्याच्या पुढच्या वर्षी वीसच मिळते म्हणजे तीस बुडतात, मग पंचवीस, पंधरा, पाच. बेरीज एकशे पंचवीस. ओन डॅमेजचा मूळ हप्ता आठ हजार असेल, तर पाच वर्षांत दहा हजार गेले. गाडीची किंमत दरवर्षी उतरते म्हणून थोडे कमी धरा, पण जीएसटी आहे, म्हणून परत थोडे जास्त धरा. "साडेपाच घ्यायला दहा द्यायचे," असं म्हणून त्यांनी वही मिटली. हे गृहस्थ बँकेतून निवृत्त झाले आहेत. बँकेला त्यांची उणीव भासत असणार.

म्हणून शहाणी माणसं गल्लीतल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे जातात. तो घसारा विचारत नाही. गाडीभोवती एक चक्कर मारतो, बोटाने खोक चाचपतो आणि आकाशाकडे बघून "अडीच हजार" म्हणतो. दोन हजारांत ठरतं. मग ठोकाठोकी, लांबी, पॉलिश पेपर, प्रायमर, आणि संध्याकाळी गाडी दारात. रंगाची छटा जुळत नाही हे आपल्याला दिसतं, पण त्याचं उत्तर तयार असतं, "दोन ऊन लागू द्या, बसतो बरोबर." तो रंग कधी बसलेला मी पाहिलेला नाही. आपली नजर बसते.

तरीही काही जण क्लेम करतातच, आणि मग मराठी गद्याचा एक दुर्लक्षित प्रकार जन्माला येतो. फॉर्मवर लिहायचं असतं: अपघात कधी, कुठे, कसा झाला. "गाडी मागे घेताना बायकोशी वाद घालत होतो" असं आजवर कोणी लिहिलेलं नाही. कुत्रा आडवा येतो. घरातून निघाल्यावर, वळणावर, अंधारात, अचानक. त्याला वाचवायला गाडी डावीकडे घ्यावी लागते. इतक्या मुक्या जिवांना वाचवणारा समाज आपला, आणि तरी आपल्याला लोक निष्ठुर म्हणतात. एका शेजाऱ्यांच्या गाडीपाशी विमा कंपनीचा सर्व्हेअर बराच वेळ उकिडवा बसला होता. दारावरच्या ओरखड्यात रंग अडकला होता. तो नखाने खरवडून त्याने शांतपणे विचारलं, "कुत्रा पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा होता का?" आमच्या पार्किंगचे सगळे खांब पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे आहेत.

त्याच दिवशी सर्व्हिस सेंटरच्या पोराने त्यांना हळूच सुचवलं होतं, "मागच्या दाराचंही यातच बसवून देऊ का?" वेगळा अपघात म्हणजे वेगळा क्लेम आणि वेगळे हजार, हे त्यालाही माहीत होतं. पण मग त्या एकाच कुत्र्याला गाडीच्या पुढून येऊन, वळसा घालून, मागच्या उजव्या दारावरही यावं लागलं असतं. दुसरा एक हुशार शेजारी क्लेम करून कंपनीच बदलतो आणि नव्या कंपनीला "आजवर एकही नाही" म्हणून सांगतो. नवी कंपनी जुनीला विचारते. खोटं सापडलं, तर ऐन मोठ्या अपघातात ती हात वर करू शकते.

घसारा आणि बुडणारा बोनस, दोन्हींवर विमेवाल्यांनी उपाय काढलाय. घसारा नको असेल तर झिरो डेप घ्या, जादा पैसे. बोनस जाऊ नये वाटत असेल तर बोनसचं संरक्षण घ्या, पुन्हा जादा पैसे. म्हणजे गाडीला विमा आणि विमा न वापरल्याच्या बक्षिसालाही विमा. झिरो डेप गाडी तरणीताठी असेपर्यंत सहज मिळतो. गाडी पाच वर्षांची झाली, पत्रा वाजायला लागला, की एजंटाचा फोन लागेनासा होतो.

रस्त्यावरचा प्रकार याहून निराळा. दुसऱ्याच्या स्कूटरला धक्का लागला, तर खासगी गाडीच्या थर्ड पार्टी विम्यात मालमत्तेच्या नुकसानीसाठी साडेसात लाखांपर्यंत सोय आहे. त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावं लागतं. म्हणून साडेसात लाखांचं संरक्षण असलेला माणूस चौकात, दहा बघ्यांसमोर, इंडिकेटरचे पाचशे रुपये मोजून देतो. बघ्यांतला एक जण "सातशे द्या, मिटवा" म्हणतो. त्याचा स्कूटरशी काहीही संबंध नसतो.

गाडी पुरात बुडाली, चोरीला गेली, ट्रकखाली गेली, तर मात्र खजिनदारही वही बाजूला ठेवून क्लेम करतील, आणि करावाच. वाद फक्त दहा हजारांच्या आतल्या ओरखड्यांचा आहे.

तर खजिनदारांनी परवा ती गाडी विकली. जुन्या गाड्यांचा दलाल आला, एक चक्कर मारली, केबल टायला हात लावला, चिकटपट्टीकडे बघितलं आणि वीस हजार कापले. मला वाटलं काका हबकतील. पण बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. त्यांनी कंपनीकडून तसं पत्र घेतलं, ते तीन वर्षं चालतं, आणि नव्या गाडीच्या पहिल्याच पॉलिसीवर ५० टक्के चढवले. मालक गेला तर गाडीबरोबर तो वारसालाही मिळू शकतो, हे त्यांनी मुलाला दोनदा सांगितलं. मुलगा गाडीच चालवत नाही, तो बंगळुरूत मेट्रोने फिरतो.

नवी गाडी आल्यापासून त्यांचं सगळं लक्ष खांबांवर आहे. यंदाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत विषय क्रमांक सात त्यांनीच मांडला: पार्किंगच्या खांबांना रबरी गार्ड बसवणे. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी विरोध केला, ज्यांच्याकडे दोन आहेत त्यांनी खर्च समान वाटायला सांगितलं. तासाभराने ठराव मंजूर झाला. मग खजिनदार पुन्हा उभे राहिले आणि म्हणाले, सोसायटीच्या ताळेबंदात या गार्डना पहिल्या दिवसापासून पन्नास टक्के घसारा धरावा, कारण रबर आहे.