हर्लर्सदर्शनाचा सविस्तर खुलासा

तीर्थरूप बाबा व सौ. आई यांच्या सेवेशी प्लिमथहून बालकांचे शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

बदलापूरच्या गॅलरीतून सुळके फुकट दिसत असताना चार दगडांसाठी पेट्रोल जाळण्याचे प्रयोजन काय, या बाबांच्या पृच्छेचे उत्तर देणे हा प्रस्तुत पत्राचा हेतू होय. कॉर्नवॉलमधील बॉडमिन मूर हे ग्रॅनाइटच्या पाठीवर पसरलेले, झाडझाडोरा नसलेले ओलसर माळरान असून, त्यावर मिनियन्स या खेड्याजवळ ‘हर्लर्स’ नावाची तीन शिलावर्तुळे, म्हणजे मुद्दाम रोवलेल्या उभ्या दगडांची रिंगणे, एका ओळीत आहेत. ती सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची मानली जातात. मधले सर्वांत मोठे, सुमारे ४२ मीटर व्यासाचे असून १९३० च्या दशकातील उत्खननात त्याच्या आत स्फटिकांचा सडा आढळला.

‘हर्लिंग’ हा चांदीने मढवलेला चेंडू पळवण्याचा कॉर्निश खेळ असून, तो पवित्र रविवारी खेळणाऱ्यांच्या शिळा झाल्या, अशी दंतकथा आहे. शेजारचे दोन दगड ‘पायपर्स’, म्हणजे वाजंत्री; त्यांचा अपराध एवढाच, की त्यांनी रविवारची सुपारी घेतली. माहुलीच्या नवरा-नवरी सुळक्यांशेजारी भटोबाही उभा आहे, हे येथे लक्षात घ्यावे.

ही भेटही रविवारीच घडली आणि नातवाने रिंगणात चेंडू टाकला, तरी कोणी शिळा झाले नाही. मात्र घरी चलण्यास सांगितले असता नातू काही काळ तसा भासला. हे दगड दोनदा मोजले तर संख्या जुळत नाही, या लोकसमजुतीची प्रचिती सूनबाईंना आली, कारण धुक्यात त्यांनी मोजलेला एक दगड उठून चरू लागला.

जवळच्या रिलाटन येथील थडग्यावरील दगडमातीच्या ढिगात १८३७ साली सापडलेला सोन्याचा पेला राजाकडे गेला आणि पुढे पंचम जॉर्ज त्यात कॉलरची बटणे ठेवीत, असे सांगतात. सध्या तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा ठेवणाऱ्या आईंना या घराण्याविषयी आपुलकी वाटावी.

येणाऱ्याबरोबर गोडा मसाला धाडावा, तळाशी दोनच चमचे उरला आहे. कळावे, लोभ असावा ही विनंती.