चक्रवर्ती सम्राटाची शिकवणी

सिव्हिलायझेशन या संगणकावरच्या खेळाचा सातवा भाग फेब्रुवारी २०२५ मध्ये आला, तेव्हा आमच्या घरात त्यातलं कळणारा माणूस एकच होता. निदान त्या माणसाचं तसं मत होतं. खेळ सुरू होताच पडद्यावरचा सल्लागार काही सांगू लागला. मी त्याचं तोंड बंद केलं. पाचव्या भागापासून साम्राज्यं उभारणाऱ्याला शेती कशी करायची हे कोण शिकवणार?

सम्राट अशोक, प्रजा मौर्य, थाटात सुरुवात झाली. मग मी मजूर शोधू लागलो. सहाव्या भागापर्यंत रानाला शेत करायला, टेकडीला खाण करायला मजूर लागायचा. कुठल्या चौकटीत काय करायचं यात माझी हयात गेलेली. इथे मजूरच नाहीत. शहर वाढलं की नुसती जागा दाखवायची, शेत आपोआप तयार! बांधकामाची यादी मी वरून खाली, खालून वर चाळत होतो. शेजारी बसलेली नववीतली भाची म्हणाली, "मामा, ते आता नसतं. सल्लागारानं सांगितलं असतं."

मी दुर्लक्ष केलं, कारण मला युद्ध करायचं होतं. शेजारी ऑगस्टस माजला होता. हत्ती, धनुर्धर, सगळं लष्कर त्याच्या राजधानीभोवती लावलं, तट पाडत आणला. आता फक्त एक टर्न. (या खेळाच्या पायात ज्यांच्या झोपा गेल्यात त्यांना हा 'फक्त एक टर्न' किती वाजेपर्यंत चालतो ते ठाऊक आहे.) बटण दाबलं आणि पडद्यावर जाहीर झालं की प्राचीन युग संपलं. युद्धही संपलं. ऑगस्टस सुखरूप, वेढा गायब, उरलेलं सैन्य घरी, आणि राजधानी सोडून माझी बाकीची शहरं पुन्हा गावं झालेली. वर विचारणा: आता कोण व्हायचं? मौर्यांचं चोळ व्हायचं, पुढच्या युगात वाटलं तर मुघल. सम्राट मात्र अशोकच. आमदार तोच, पक्ष नवा.

"वर कोपऱ्यात दिसत होतं ना, युग संपत आलंय," भाची म्हणाली. मघापासून प्रजा बंड करत होती, तीही युग संपत आल्याचीच खूण होती म्हणे. मला ते बंड म्हणजे प्रजेचा कृतघ्नपणा वाटला होता.

निदान एक तरी गोष्ट आपण शिकवावी, म्हणून मी तिला गांधींचा किस्सा सांगितला: १९९१ च्या पहिल्या खेळात एका तांत्रिक गफलतीमुळे गांधी अणुबॉम्ब टाकत सुटायचे. तिनं फोन काढला. खेळाचा जनक सिड मायर यानं २०२० च्या आत्मकथनात लिहिलंय की अशी गफलत नव्हतीच. ज्ञानदान तिथेच आटोपलं.

राग आला, नाही असं नाही. हा खेळ आपल्यासाठी नाहीच, नवख्यांसाठी केलाय, असं मी जेवताना जाहीर केलं. मग आठवलं, २०१० मध्ये पाचव्या भागानं चौकोनांचे षट्कोन केले आणि एका घरात एकच पलटण ठेवली, तेव्हा चौथ्याचे मुरलेले खेळाडू हेच म्हणत होते. तो ज्या नवख्यांसाठी केला होता त्यांतला एक मी.

आणि खेळाचे असे युगायुगांत तुकडे का पाडले? तर बहुतेक लोक डाव शेवटपर्यंत नेतच नाहीत, असं निर्मात्यांच्या लक्षात आलं. इथे मी गप्प झालो. माझ्या संगणकात जुने डाव आहेत: 'गांधी फायनल', 'गांधी फायनल २', 'गांधी खरंच फायनल'. सगळे बंदुकीच्या दारूच्या शोधापाशी थांबलेले. जिंकणार हे कळलं की मला कंटाळा येतो, आणि हरणार हे कळलं की झोप. भाचीनं मात्र तिचा पहिलाच डाव मुघलांपर्यंत नेऊन जिंकला.

तेव्हा माझा निकाल असा: सातवा भाग तिचा, सहावा माझा. तुम्ही पहिल्यांदाच खेळणार असाल तर खुशाल सातवाच घ्या. सल्लागार बोलतो ते ऐका, कोपऱ्यातल्या आकड्यावर लक्ष ठेवा, आणि युग संपत आलं असेल तर कुणाच्या राजधानीला वेढा घालायला जाऊ नका.