मुक्तिदाता चिरंजीव

दिवाळीला घरी येणाऱ्या चिरंजीवांच्या अनेक जाती असतात. कुणी आईसाठी एअर फ्रायर आणतो, कुणी वडिलांना धरून रक्त तपासायला नेतो. सगळ्यात उत्साही जात मात्र वडिलांच्या लॅपटॉपवर लिनक्स चढवणाऱ्याची. नोकरी हिंजवडीत नाहीतर बंगळुरात, किल्ल्यांच्या जुडग्याला पेन ड्राइव्ह, आणि पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट. फराळाला बसल्या बसल्या तो सहज विचारतो, "बाबा, लॅपटॉप स्लो झालाय का हो?" स्लो झाला नाही असं म्हणणारा लॅपटॉपमालक अजून जन्माला यायचाय. बाबा मान डोलावतात आणि चकली संपायच्या आत शस्त्रक्रियेची तयारी होते. "हे सगळं फुकट आहे, बाबा," असं तो अभिमानाने सांगतो, आणि बाबांना पहिली शंका तिथेच येते. आयुष्यभर घासाघीस करून वस्तू घेतलेल्या माणसाचा फुकट मिळालेल्या वस्तूवर विश्वास बसत नाही.

या लिनक्सवाल्या चिरंजीवाची टिंगल करणं सोपं आहे, पण त्याचं म्हणणं खोटं नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि साधारण २०१७ च्या आधीचे प्रोसेसर त्याच्या यादीत बसत नाहीत. म्हणजे स्क्रीन, कीबोर्ड, डिस्क सगळं ठणठणीत असलेलं मशीन निव्वळ वयामुळे निवृत्त. स्वतः निवृत्त होऊनही सोसायटीचा कारभार ओढणाऱ्या बाबांना हा अन्याय खरं तर चटकन कळायला हवा. घरगुती ग्राहकांना एका वर्षाची मुदतवाढ मिळाली हे खरं, पण तिने प्रश्न पुढच्या दिवाळीवर ढकलला, एवढंच. शिवाय बाबांच्या हातातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्याच कर्नलवर चालतो. चिरंजीव हे मोठ्या विजयाने सांगतात, बाबा "असं?" म्हणून पुन्हा व्हॉट्सॲप उघडतात.

चिरंजीवांचं चुकतं ते पुढे. ते मशीन बघतात, बाबांचं काम बघत नाहीत. बाबांची बहुतेक कामं ब्राउझरमध्येच होतात. वीजबिल, बँक, सातबारा, यूट्यूबवरचं कीर्तन यांना खाली कोणती प्रणाली आहे याचं सोयरसुतक नसतं. घोडं अडतं ते उरलेल्या दोन-तीन कामांपाशी. 'सोसायटी २०१४' नावाच्या फोल्डरमधली पाणीपट्टीची नोटीस जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. नव्या प्रणालीत ती उघडली की 'सर्व सभासदांस' च्या जागी टिंबं-टोप्या घातलेली रोमन अक्षरं रांगेने उभी राहतात. त्यावर चिरंजीव युनिकोडचं महत्त्व समजावतात. ते शंभर टक्के बरोबर असतं, पण नोटीस संध्याकाळी पाचला फळ्यावर लागायची असते. जुना फॉन्ट आधी कॉपी करून ठेवला असता तर निदान वाचता आली असती. टायपिंगसाठी बाबांच्या सवयीचा कीबोर्ड बसवायला हवा होता. प्रिंटरचंही तेच. तो नव्या प्रणालीवर चालतो का, हे विंडोज पुसून झाल्यावर तपासण्यात काय हशील?

"या वयात नवं शिकवायचं तरी कशाला?" हा आक्षेप मला लंगडा वाटतो. विंडोज ८ ने २०१२ साली स्टार्टचं बटणच गायब केलं, पुढच्या वर्षी परत आणलं, आणि विंडोज ११ ने ते पट्टीच्या मधोमध नेऊन ठेवलं. बाबा हे सगळं मुकाट शिकलेच. मिंटचा मेन्यू डावीकडे खाली असतो, म्हणजे बाबांना जुन्या घरी आल्यासारखंच. दुसरा आक्षेप वजनदार आहे : चिरंजीव भाऊबीज आटोपून परत गेले की निस्तरणार कोण? आजवर कोपऱ्यावरच्या दुकानातला मुलगा निस्तरायचा, आणि त्याने टाकलेल्या विंडोजचे पैसे बहुधा कुणीच भरलेले नसायचे. आता तोच मुलगा मिंटचा हिरवा लोगो बघून म्हणतो, "काका, यात व्हायरस गेलाय," आणि तासाभरात पुन्हा पायरेटेड विंडोज चढवतो. मुक्ती पाडव्याला मिळते आणि तुळशीच्या लग्नाच्या आत रद्द होते. यावर तोडगा आहे, पण त्यात पराक्रम नसल्यामुळे चिरंजीवांना तो रुचत नाही : दुरून स्क्रीन बघायची सोय करून ठेवायची, आणि बाबांचा फोन आला की "टर्मिनल उघडा" हे पहिलं वाक्य म्हणायचं नाही.

तेव्हा समस्त चिरंजीवांना विनंती, की पहिली संध्याकाळ कीबोर्डला हात न लावता बाबांच्या शेजारी बसून काढावी. ते काय उघडतात, कशात टाइप करतात, काय छापतात ते बघावं. मग फायलींची प्रत काढून ठेवावी आणि इन्स्टॉलचं बटण न दाबता मिंट पेन ड्राइव्हवरूनच चालवून प्रिंटर लावून बघावा. डिस्कवरचं काहीही न पुसता हे करता येतं. ती सोय मिंटमध्येच आहे.