कॉमिकात तसा नाय!

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत कुठल्याही गावाची काही पदे बिनविरोध भरलेली असतात. पंगतीत पहिला घास घेऊन मीठ कमी असल्याचे जाहीर करणारा एक गृहस्थ असतो. कुणाच्या बांधावरचा आंबा कुणाच्या आज्याने लावला हे शपथेवर सांगणारा एक म्हातारा असतो. गेल्या पंधराएक वर्षांत या मंडळात एका तरुण सभासदाची भर पडली आहे. त्याला आपण ओरिजिनल भाऊ म्हणू. तशी तालुक्यात भाऊंची टंचाई नाही. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर मोबाइल कानाला लावून ते नाक्यानाक्यावर उभे असतात. हा भाऊ फ्लेक्सवर नसतो. तो भिवंडीच्या गोदामात पाळी करतो, नाहीतर मुरबाडच्या एमआयडीसीत, नाहीतर कुठेच नाही आणि पोलीस भरतीची तयारी करतो. अंगात काळा टी-शर्ट. त्यावरच्या वटवाघळाची धुऊन धुऊन पाकोळी झालेली. ओळखायची खूण एकच. सुपरहिरोचा सिनेमा पाहून मंडळी खुशीत बाहेर पडली की हा चपला घासत मागून येतो आणि म्हणतो, "कॉमिकात तसा नाय."

हे वाक्य उच्चारण्यासाठी तो जे कष्ट घेतो ते पाहता त्याला हौशी म्हणणे अन्यायाचे होईल. मोठ्या पडद्यासाठी कल्याण गाठावे लागते. शहापूरकराला निदान आसनगावची लोकल आहे. मुरबाडकराला एसटी, कारण कल्याण-मुरबाड रेल्वे ही दर निवडणुकीला नव्या रूपात येणारी मालिका आहे, आणि तिच्याबाबत 'ओरिजिनल कुठे आहे' असे विचारायची पद्धत नाही. त्यात २००८च्या 'आयर्न मॅन'पासून मार्व्हलवाल्यांनी नावांची पाटी सरकून संपल्यावर शेवटी एक छोटा प्रसंग दाखवायची खोड लावली. रात्रीच्या खेळाला नेमका तोच प्रसंग आणि कसाऱ्याची शेवटची गाडी यांची टक्कर होते. बाकीचे पळतात. भाऊ बसून राहतो, उरलेली रात्र कल्याणच्या फलाटावर काढायची तयारी ठेवून, आणि त्या दीड मिनिटातही काय चुकले ते टिपून घेतो. रागावण्यासाठी इतकी पदरमोड करणारा माणूस आपल्या समाजात विरळाच. बाकीच्यांना राग घरबसल्या येतो.

त्याच्या रागामागचे गृहीत असे, की कॉमिक नावाचा एक शुद्ध उगम आहे आणि सिनेमावाले त्यात घाण कालवतात. हे गृहीत तपासू लागले की पायाखालची जमीन सरकते. सुपरमॅन १९३८मध्ये छापून आला तेव्हा त्याला उडताच येत नव्हते. तो उड्या मारी. एका उडीत साधारण दोनशे मीटर, म्हणजे आपल्याकडे एका वाडीतून दुसरीत, मधला ओढा न भिजता. हवेत तरंगायला तो लागला तो १९४१च्या कार्टूनपटांनंतर. ज्या क्रिप्टोनाइटने तो लुळा पडतो तो दगड १९४३मध्ये रेडिओवरच्या मालिकेत सापडला. कॉमिकात पोहोचायला त्याला आणखी सहा वर्षे लागली. बॅटमॅन बंदुकीला शिवत नाही हे भाऊचे पहिले कलम, पण सुरुवातीच्या गोष्टींत त्याच्याकडे पिस्तूल होते आणि त्याने ते चालवलेही. त्याचा नोकर आल्फ्रेड मुळात गोलमटोल आणि सफाचट. १९४३च्या चित्रपटमालिकेत सडपातळ, मिशीवाला नट आला, तेव्हा कॉमिकवाल्यांनी आपल्या आल्फ्रेडला रोड केले. हार्ली क्विन तर १९९२मध्ये टीव्हीवर जन्मली आणि मागाहून कागदावर आली. २००२च्या सिनेमात स्पायडरमॅनच्या मनगटातून आपोआप जाळे निघाले म्हणून चाहते खवळले. दोन वर्षांत कॉमिकातल्या स्पायडरमॅनच्याही मनगटातून ते निघू लागले. २०१३च्या सिनेमात सुपरमॅनने झॉड या खलनायकाची मान मोडली, तेव्हा "सुपरमॅन मारत नाय" असा गजर झाला. पण १९८८च्या अंकात त्याने झॉडसकट तिघांना क्रिप्टोनाइटने संपवले होते. हे सांगितले की भाऊ क्षणभर थांबतो. मग म्हणतो, "तो वेगळा युनिव्हर्स." तत्त्वज्ञानाच्या इतिहासात याहून चिवट पळवाट सापडणे कठीण.

उगमाबद्दल शहापूरकराशी वाद घालणे मात्र सोपे नाही. तानसा, भातसा त्याच्या तालुक्यात. पाणी मुंबईच्या नळाला आणि उन्हाळ्यात टँकर इथल्या पाड्यांना. मूळ कुणाचे आणि मिरवतो कोण, हा प्रश्न त्याच्या घशाला कोरड पाडूनच शिकवला गेला आहे. मार्व्हल आणि डीसीच्या बाबतीत तो तीच फिर्याद चालवतो. पण ज्या तानसाकडे तो उगम म्हणून बोट दाखवतो ती १८९२मध्ये पुरी झालेली भिंत आहे. तिच्यामागे नदी आणि ओढे, नाले, डोंगरावरून उतरणारा पाऊस येऊन साठतो. कुणीतरी एका ठिकाणी अडवले म्हणून त्याला एक नाव पडले. भाऊचे 'ओरिजिनल' हेही असेच धरण आहे आणि ते त्याच्या बाराव्या वर्षी बांधले गेले. कॉमिकच्या कागदाला बहुधा त्याचा हात लागलेलाच नसतो. त्याला बॅटमॅन पहिल्यांदा भेटला केबलवर, हिंदी बोलताना. मग मित्राच्या मोबाइलवरून पीडीएफ आले. त्या वयात जे साठले ते मूळ, आणि नंतर आले ते गढूळ.

हा आजच्या पोरांचाच थिल्लरपणा आहे असे जी निवृत्त गुरुजी मंडळी म्हणतात, त्यांनी आपली पत्र्याची पेटी उघडून पाहावी. तळाशी इंद्रजाल कॉमिक्स निघतील. टाइम्सवाल्यांनी १९६४पासून काढलेल्या या अंकांतून ली फॉक यांचा १९३६चा फँटम मराठीत 'वेताळ' होऊन आला. हे रूपांतर कुठल्याही सिनेमापेक्षा धाडसी होते. अनेक गावांच्या शिवेवर शेंदूर फासलेला वेताळ आधीपासून उभा आहे, त्याला कोंबडे लागते. त्याच्याच नावाने घट्ट कपड्यांतला एक गोरा गडी कवटीच्या गुहेत राहू लागला. त्याचा देश बंगाला, तो इथे डेंकाली झाला. इटलीत त्याचे कपडे लाल छापत आणि स्वीडनमध्ये निळे. तरीही १९९६मध्ये बिली झेनचा सिनेमा आला तेव्हा गुरुजींच्या पिढीचा शेरा ठरलेलाच होता: "आमचा वेताळ असा नव्हता." तुमचा म्हणजे कुणाचा, हे विचारायची सोय नव्हती, कारण गुरुजींच्या हाती छडी होती.

आणि मराठीतला आपला स्वतःचा गडी, फुरसुंगीचा बनेश फेणे? भा. रा. भागवतांचा शाळकरी, काटकुळा, सायकलवरून सुटणारा पोरगा २०१७च्या 'फास्टर फेणे'त वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसण्याएवढा मोठा झाला, अमेय वाघच्या रूपात, आणि परीक्षेतला घोटाळा खणू लागला. पुस्तके वाचून मोठे झालेल्यांना बन्या मोठा झालेला खपेना. स्वतः पन्नाशीला आल्याचे त्यांना खपले होते. दिग्दर्शक आदित्य सरपोतदारांनी एक हुशारी केली. खुद्द भागवतांनाच पात्र करून घरात बसवले, तेही दिलीप प्रभावळकरांच्या चेहऱ्याने. लेखकच समोर आहे म्हटल्यावर 'लेखकाला हे आवडले नसते' हा आक्षेप घ्यायचा कुणाच्या तोंडावर? भागवत २००१मध्येच गेले होते हा तपशील अशा वेळी आड येत नाही.

तर मग भाऊ नेमका कशासाठी भांडतो? माझ्या मते तो मजकुरासाठी भांडत नाही, मानासाठी भांडतो. जत्रेत पालखीला पहिला खांदा कुणाचा, यावरून भावकी दुभंगते. देवाला त्याने काही फरक पडत नाही. गावात कुणालाही मार्व्हलचा खलनायक थॅनॉस ठाऊक नव्हता तेव्हा तो भाऊला ठाऊक होता. त्याला मृत्यूच्या देवीवर भाळलेला थॅनॉस माहीत. २०१८च्या सिनेमात तो लोकसंख्येच्या चिंतेने एका चुटकीत निम्मे विश्व पुसतो, म्हणजे कुटुंबनियोजन खात्याचा माणूस वाटतो. आता शाळकरी पोरेही चुटकी वाजवू लागली, आणि जे एकट्याचे होते ते गावजेवण झाले. दुःख हे आहे. 'कॉमिकात तसा नाय' याचा मराठी अर्थ 'मी तुमच्या आधी आलो होतो' एवढाच.

यावर कुणी म्हणेल, मग काय वाटेल ते करायला मोकळीक? मूळच नाही तर चूक तरी कशाला म्हणायचे? आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर हॉलिवूडपेक्षा शहापूरच्या उत्तरेला, मोखाडा-जव्हारच्या अंगाला बरे मिळते. तिथल्या बोहाड्यात रात्रभर टेंभ्यांच्या उजेडात मुखवटे नाचतात. गणपती येतो, रावण येतो, हिडिंबा, नरसिंह, वेताळही येतो. रामायण आणि महाभारत एकाच रात्री एकाच अंगणात उतरवायला तिथे कुणाची परवानगी लागत नाही. मुखवट्याआडचा माणूस बदलतो. आज्या गेला की नातू नाचतो. नवा नाचणारा नवे पाऊल टाकतो आणि लोक चालवून घेतात. पण सोंग कुणाचे ते संबळाच्या ठेक्यावरून आणि चालीवरून कळलेच पाहिजे. नाहीतर बघणारी म्हातारी उठून जाते, आणि तो निकाल अंतिम असतो. हीच कसोटी सिनेमाला लावा. हीथ लेजरला जोकर दिला तेव्हा चाहत्यांनी बोंब ठोकली. चेहरा, आवाज, जखमा सगळे नवे होते, पण चाल जोकरचीच निघाली आणि मरणोत्तर ऑस्कर मिळाले. २००४च्या 'कॅटवूमन'मध्ये नाव आणि मुखवटा तेवढा होता. आत कॉमिकातली सलीना काइल नाही, तिची चोरटी ऐट नाही. तिथे भाऊ बरोबर होता, आणि १९९७च्या 'बॅटमॅन अँड रॉबिन'च्या बाबतीतही. त्याची गोची ही, की बरोबर असो वा चूक, तो एकाच आवाजात ओरडतो. मायकेल कीटनला बॅटमॅन केला म्हणून स्टुडिओकडे सुमारे ५० हजार निषेधाची पत्रे गेली होती. त्याच कीटनचा बॅटमॅन २०२३च्या 'द फ्लॅश'मध्ये परत आला तेव्हा जुने चाहते हळवे झाले. रोज 'लांडगा आला' म्हणणारा पोरगा निदान पगारी गुराखी होता.

मात्र भाऊला हसून सोडून देऊ नये. २००४मध्ये पवित्र प्रभाकर नावाचा भारतीय स्पायडरमॅन कॉमिकात आला. गावाकडून शिष्यवृत्तीवर मुंबईत शिकायला आलेला गरीब पोरगा, पोरे त्याच्या कपड्यांना हसतात, आणि अंगात शक्ती येते ती एका योग्याकडून. आसनगावहून पहाटेची लोकल धरून मुंबईच्या कॉलेजात जाणाऱ्या कुणालाही हे गणित समजावून सांगावे लागणार नाही. २०२३च्या 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स'मध्ये तोच पवित्र मुंबट्टनमध्ये झोके घेतो, ताशीव केस, बेफिकीर, चहाला 'चाय टी' म्हणणाऱ्याला फैलावर घेणारा. गंमत आहे, देखणा आहे, पण बुजरेपणा गेला. इथे भाऊ "कॉमिकात तसा नाय" म्हणतो तेव्हा प्रथमच त्याचा आवाज उतरलेला असतो. पडद्यावरून नाहीसे झालेले पोर त्याच्याच डब्यातले होते.

हा सिनेमा मराठी बोलीतही आला. ती ऐकून मोठी होणारी पोरे आज डोळखांब, किन्हवली, टोकावड्याच्या शाळांत पाचवी-सहावीत आहेत आणि त्यांच्या धरणाच्या भिंतीचा शेवटचा थर चढतो आहे. भाऊ त्यांना पारावर बसवून समजावतो की खरा पवित्र धोतर नेसायचा. पोरे एकमेकांकडे बघतात. २०२५च्या सुपरमॅनने २०१३मध्ये गेलेली लाल चड्डी पुन्हा बाहेरून घातली, तेव्हा "मी म्हणलेलो ना, ओरिजिनल परत आला!" असे भाऊने गावभर सांगितले. त्यावर त्यातल्याच एका धिटुकल्याने विचारले, "दादा, पण सुपरमॅनला चड्डी कधी व्हती?"