सप्ताह संपला, पट्टी आणा

४ मार्च आला की आमच्या औद्योगिक वसाहतीला सुरक्षेची उचकी लागते. राष्ट्रीय सुरक्षा परिषद १९६६ साली याच दिवशी स्थापन झाली. तिला बिचारीला काय ठाऊक! गेटवर रांगोळी, घोषवाक्य स्पर्धा, फोटोपुरती हेल्मेटं.

आमच्या जुन्या पॉवर प्रेसला दोन बटणं आहेत. दोन्ही हातांनी एकदम दाबायची, म्हणजे डायखाली हात राहत नाही. त्यातलं उजवं वर्षभर चिकटपट्टीनं दाबून बसवलेलं. एक हात मोकळा, नग जास्त. साहेब येणार म्हणून सुरक्षा सप्ताहात पट्टी निघते.

यंदा शपथेला सगळ्यांनी उजवा हात पुढे केला. प्रेसवरच्या मामांना मात्र डावा करायला सांगितलं. उजव्याला दोन बोटं कमी, फोटोत बरं दिसत नाही.

११ तारखेला सुपरवायझरनं स्टोअरमधून नवी पट्टी मागवली.